शास्त्रज्ञ आरोपीच्या पिंजऱ्यांत

चोरानें चोरी केली म्हणजे त्यास शिक्षा व्हावी, आणि हेरानें राष्ट्राचें गुपित शत्रूच्या हातीं दिलें म्हणजे त्यास अधिक कडक शिक्षा व्हावी, याविषयीं कोणत्याही देशांत दुमत नाहीं. परंतु एखाद्या विद्वान प्राध्यापकानें कोणाचें कांहीं चोरलें नाहीं, कोणतेंही गुपित विकलें नाहीं, एका छापील पत्रकावरील एक रकाना मात्र कोरा ठेवला, तर त्यास बेड्या घालून न्यायासनापुढें उभें करावें काय? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१८ पासून २०२२ पर्यंत तो पुन्हां पुन्हां उपस्थित झाला. ज्यांच्यावर तो ओढवला त्यांत जगन्मान्य रसायनशास्त्रज्ञ होते, नांवाजलेले यंत्रशास्त्रज्ञ होते, आणि परदेशांतून रिकाम्या हातांनीं येऊन केवळ बुद्धीच्या बळावर वर चढलेले अनेक कष्टाळू संशोधकही होते. त्या खटल्यांची हकीकत उद्बोधक आहे.

प्रथम हा रकाना म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील विद्यापीठांत जें मूलभूत संशोधन होतें, त्याचा मोठा भाग सरकारी द्रव्यावर चालतो. आरोग्यविषयक संशोधनास नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, इतर शास्त्रांस नॅशनल सायन्स फाउंडेशन, ऊर्जेच्या संशोधनास सरकारचें ऊर्जा खातें, आणि अंतराळाच्या संशोधनास नासा, अशा निरनिराळ्या संस्था प्राध्यापकांकडून अर्ज मागवितात. अर्जांत संशोधनाची योजना तर द्यावी लागतेच. पण तिजबरोबर 'आपणांस आणखी कोठून द्रव्य मिळतें? दुसऱ्या कोणत्या संस्थेंत आपलें पद आहे काय? वर्षांतील किती महिने कोणत्या कामास दिले आहेत?' असेही प्रश्न विचारलेले असतात. कोणाच्या खाजगी आयुष्यांत डोकावावें म्हणून हे प्रश्न नसतात. एकाच कामाचे पैसे दोन ठिकाणांहून घेतले जाऊं नयेत, बारा महिन्यांच्या वर्षांत अठरा महिन्यांचें काम कोणीं कबूल करूं नये, आणि ज्याच्या हातीं सार्वजनिक पैसा दिला तो दुसऱ्या कोणाचा मिंधा नसावा, एवढाच त्यांचा हेतु. एखाद्या शाळेचा पूर्ण पगार घेणारा शिक्षक दुसऱ्या गांवच्या शाळेच्या हजेरीपटावरही नांव लावून बसला, तर पहिल्या शाळेच्या चालकांनीं त्यास जाब विचारावा हें रास्तच होय.

तथापि पुष्कळ वर्षें हा रकाना कोणी फारसा मनावर घेत नसे. एका संस्थेच्या पत्रकांतील शब्द दुसऱ्या संस्थेच्या पत्रकांतील शब्दांशीं जुळत नसत. परदेशच्या विद्यापीठानें दिलेलें मानद अध्यापकपद हें 'पद' समजावयाचें कीं केवळ सन्मान समजावयाचा? सुट्टीच्या दोन महिन्यांत तेथील विद्यार्थ्यांना केलेलें मार्गदर्शन हें 'काम' कीं सौजन्य? यांचीं उत्तरें अर्जांत दिलेलीं नसत. शिवाय त्या काळीं चीनशीं शास्त्रीय संबंध ठेवणें ही लपविण्याची गोष्ट नव्हती. उलट विद्यापीठेंच त्यास उत्तेजन देत. चिनी विद्यार्थी येत, संयुक्त प्रबंध प्रसिद्ध होत, आणि विद्यापीठांचे अध्यक्ष स्वतः चीनमध्यें जाऊन करारांवर सह्या करून येत.

दुसऱ्या बाजूस चीनच्या सरकारनें २००८ सालीं एक मोठी योजना हातीं घेतली. परदेशांत नांवलौकिक मिळविलेल्या विद्वानांना मायदेशीं आणावें, निदान वर्षांतील कांहीं महिने तरी आणावें, आणि त्यांच्याकडून प्रयोगशाळा उभारून घ्याव्या, अशी ही योजना. तिला 'हजार प्रतिभावंतांची योजना' असें नांव पडलें. हिच्या मागें गुप्तता नव्हती. ती उघडपणें जाहीर झालेली होती. द्रव्य विपुल होतें. परंतु कांहीं करारांतील अटी अशा होत्या, कीं संशोधनाचे हक्क व प्रबंधावरील संस्थेचें नांव चीनकडे जावें. अमेरिकेच्या कराच्या पैशांतून जन्मलेली कल्पना अशा रीतीनें न सांगतां सवरतां परदेशीं दत्तक जात असेल, तर अमेरिकेच्या सरकारास चिंता वाटावी यांत अस्वाभाविक कांहींच नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अशा योजनेंत सामील होणें हा त्या वेळीं अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें गुन्हा नव्हता. ती गोष्ट विचारली असतां न सांगणें, हा गुन्हा ठरूं शकत होता.

या संशयास इतिहासही आहे. क्यान श्युएसेन नांवाचा एक तरुण १९३५ सालीं चीनमधून अमेरिकेंत शिकावयास गेला. कॅलिफोर्नियांतील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत अग्निबाणांच्या शास्त्रांत त्यानें असें प्रावीण्य मिळविलें, कीं १९४५ सालीं पराभूत जर्मनीच्या अग्निबाणतज्ज्ञांची उलटतपासणी घेण्यासाठीं अमेरिकेच्या सैन्यानें त्यास कर्नलचा दर्जा देऊन पाठविलें. परंतु १९५० सालीं, कम्युनिस्टांच्या भीतीनें त्या देशाला पछाडलें असतां, त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला आणि गुप्त कामावरील त्याचा परवाना काढून घेण्यांत आला. तो चीनला जावयास निघाला तर त्यास अडकवून ठेवलें; राहूं इच्छी तर विश्वास ठेवीनात. अशीं पांच वर्षें गेल्यावर १९५५ सालीं त्यास चीनकडे धाडून देण्यांत आलें. तेथें त्यानें काय केलें, हें जगास ठाऊक आहे. चीनच्या क्षेपणास्त्रांचा व अंतराळविद्येचा पाया त्याच्याच देखरेखीखालीं घातला गेला. ज्या ज्ञानाची अमेरिकेला भीति वाटत होती, तें ज्ञान तिनें स्वतःच्या हातांनीं सरहद्दीपलीकडे पोंचविलें.

पुढें १९९९ च्या डिसेंबरांत लॉस अलामॉस येथील अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेंतील वेन हो ली या तैवानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञावर एकोणसाठ कलमांचें आरोपपत्र ठेवण्यांत आलें. त्यास सुमारें नऊ महिने एकांतवासांत डांबलें. शेवटीं २००० च्या सप्टेंबरांत गुप्त माहिती अयोग्य रीतीनें हाताळल्याचें एकच कलम त्यानें कबूल केलें, बाकीचीं अठ्ठावन्न सरकारनें सोडून दिलीं, आणि न्यायाधीश जेम्स पार्कर यांनीं भर न्यायालयांत त्याची क्षमा मागितली. २०१५ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक शी श्याओशिंग यांच्या घरीं सशस्त्र अधिकारी आले व कुटुंबीयांच्या देखत त्यांना धरून घेऊन गेले. त्यांनीं एका यंत्राचा गुप्त आराखडा चीनला पाठविला, असा आरोप होता. त्या विषयाच्या जाणकारांनीं आराखडा पाहिला, तेव्हां तो त्या यंत्राचा नव्हताच, असें आढळून आलें! सप्टेंबरांत आरोप मागें घेण्यांत आले.

असा पूर्वेतिहास असतां १ नोव्हेंबर २०१८ रोजीं अमेरिकेचे तत्कालीन अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनीं 'चायना इनिशिएटिव्ह' नांवाची मोहीम जाहीर केली. व्यापारी गुपितांची चोरी व आर्थिक हेरगिरी यांना आळा घालावा, हा तिचा सांगितलेला उद्देश होता. परंतु हेर शोधावयास निघालेल्या जाळ्यांत बरेचसे प्राध्यापक सांपडूं लागले, आणि त्यांच्यावर ठेवलेले आरोप हेरगिरीचे नसून अर्जांतील अपूर्ण माहितीचे, कराच्या पत्रकांतील उणीवांचे व परदेशी बँकेंतील खात्यांचे असत. एका अमेरिकन नियतकालिकानें २०२१ च्या अखेरीस या मोहिमेंतील ७७ खटल्यांची छाननी केली, तेव्हां आरोपींपैकीं सुमारें नव्वद टक्के लोक चिनी वंशाचे आढळले, आणि आर्थिक हेरगिरीच्या कायद्याखालील खटले अवघे एकोणीस निघाले.

या सर्वांना एकाच तागडींत तोलणें अन्यायाचें होईल. कांहीं जणांचा दोष उघड होता. हार्व्हर्ड विद्यापीठांतील रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स लिबर हे अतिसूक्ष्म पदार्थांच्या शास्त्रांत जगांतील अग्रगण्य पुरुषांपैकीं एक. २०१२ सालीं त्यांना वुल्फ पारितोषिक मिळालें. हे चिनी वंशाचे नव्हेत. वुहान येथील तंत्रविद्यापीठाशीं त्यांनीं केलेल्या करारांत दरमहा ५०,००० डॉलरपर्यंत वेतन, शिवाय राहण्याचा खर्च, आणि तेथें प्रयोगशाळा उभारण्यासाठीं पंधरा लक्ष डॉलर, असा मजकूर होता, असें सरकारनें दाखवून दिलें. याच सुमारास अमेरिकेच्या सरकारकडून त्यांच्या संशोधनास दीड कोटी डॉलरांहून अधिक द्रव्य मिळत आलें होतें. अधिकाऱ्यांनीं सरळ प्रश्न केला असतां त्यांनीं संबंध नाकारला. वेतनाचा कांहीं भाग रोख आणला व कराच्या पत्रकांत दाखविला नाहीं. २८ जानेवारी २०२० रोजीं त्यांस अटक झाली आणि २१ डिसेंबर २०२१ रोजीं पंचांनीं सहाही कलमांवर त्यांस दोषी ठरविलें. त्यांना लिंफोमा या दुर्धर रोगानें ग्रासलेलें होतें. २०२३ च्या एप्रिलांत न्यायालयानें भोगलेले दोन दिवस हीच कैद मानून सहा महिने गृहबंदी, ५०,००० डॉलर दंड व बुडविलेल्या कराचे ३३,६०० डॉलर भरण्याची शिक्षा सांगितली.

ओहायो राज्य विद्यापीठांतील संधिवाताचे संशोधक झेंग सोंगगुओ २०२० च्या मे महिन्यांत चीनला जाणाऱ्या विमानांत चढण्याच्या बेतांत असतां अलास्कांत पकडले गेले. त्यांना २०२१ सालीं ३७ महिन्यांची कैद झाली, आणि आरोग्यसंस्थेस सुमारें ३४ लक्ष डॉलर परत करण्याचा हुकूम झाला. नासाच्या कॅलिफोर्नियांतील एम्स केंद्रांतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ मेय्या मेय्यप्पन हे तर आपल्या भारतांत शिकून तिकडे गेलेले. २०२० च्या ऑक्टोबरांत चौकशीच्या वेळीं त्यांनीं त्या प्रतिभावंतांच्या योजनेंतील आपला सहभाग नाकारला. पुढें २०२१ सालीं त्यांनीं गुन्हा कबूल केला व त्यांना ३० दिवसांची कैद आणि एक लक्ष डॉलर दंड झाला. या तिन्ही प्रकरणांत एक समान धागा दिसतो. प्रश्न स्पष्ट होता, उत्तर ठाऊक होतें, आणि तें जाणूनबुजून खोटें दिलें गेलें. अशांची कींव करावी, पण त्यांचा कैवार घेतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहावी. टेनेसी विद्यापीठांतील प्राध्यापक हू आनमिंग हे सूक्ष्म पदार्थांच्या जोडकामाचे तज्ज्ञ, कॅनडाचे नागरिक. नासाच्या पैशांतून चीनशीं सहकार्य करूं नये, असा निर्बंध अमेरिकेच्या कायदेमंडळानें २०११ सालीं घातलेला आहे. हू यांचा बीजिंगच्या एका तंत्रविद्यापीठाशीं संबंध होता, आणि तो त्यांनीं लपविला, असा आरोप ठेवून २०२० च्या फेब्रुवारींत त्यांना अटक करण्यांत आली. त्यांचें पद गेलें. वर्षाहून अधिक काळ ते घरांत अडकून पडले. २०२१ च्या जूनमध्यें खटला उभा राहिला तेव्हां तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या साक्षींतूनच भलत्या गोष्टी बाहेर आल्या. हू यांच्यावर व विद्यापीठांत शिकणाऱ्या त्यांच्या मुलावर दीर्घकाळ पाळत ठेवली होती. खोट्या माहितीच्या आधारावर त्यांचें नांव विमानप्रवासास बंदी असलेल्यांच्या यादींत घातलें होतें. आणि एवढें करूनही हेरगिरीचा पुरावा हातीं लागला नव्हता. पंचांचें एकमत झालें नाहीं. सरकारनें पुन्हां खटला चालविण्याचा मनोदय दर्शविला, पण ९ सप्टेंबर २०२१ रोजीं न्यायाधीश थॉमस व्हार्लन यांनीं हू यांना सर्व आरोपांतून मुक्त केलें. न्यायाधीशांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें, कीं नासानें ज्या कामासाठीं पैसे दिले तें काम तिला मिळालें. मग तिला लुबाडण्याचा हेतु सिद्ध झाला असें कसें म्हणावें?

मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांतील प्राध्यापक चेन गांग यांचें प्रकरण याहून विलक्षण आहे. चीनमध्यें जन्मलेले, पुढें अमेरिकेचे नागरिक झालेले हे गृहस्थ उष्णतेच्या वहनाच्या शास्त्रांत नामांकित आहेत. १४ जानेवारी २०२१ रोजीं सकाळीं त्यांना राहत्या घरीं अटक झाली. शेंझेन येथील एका विद्यापीठाकडून त्यांनीं सुमारें १ कोटी ९० लक्ष डॉलर घेतले, असा सरकारी वकिलांचा दावा होता. आंकडा ऐकून कोणीही दचकेल. परंतु त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष राफाएल राइफ यांनीं तात्काळ पत्र काढून स्पष्ट केलें, कीं हा व्यवहार चेन यांचा नसून संस्थेचा आहे, आणि पैसा संस्थेच्या विभागासाठीं आलेला आहे. सहकारी प्राध्यापकांनीं 'आम्ही सर्वच चेन गांग आहोंत' अशा अर्थाचें पत्रक प्रसिद्ध केलें, आणि बचावाचा खर्च संस्थेनें उचलला. वर्षभर प्रयोगशाळेपासून दूर राहिल्यावर २० जानेवारी २०२२ रोजीं सरकारनें आरोप मागें घेतले. ज्या गोष्टी सांगितल्या नाहींत म्हणून खटला भरला, त्या सांगाव्या असें ऊर्जा खात्याच्या त्या वेळच्या अर्जांत बंधनच नव्हतें, असें खात्याच्या लोकांनींच सांगितलें! त्याच वर्षीं चेन व त्यांचे सहकारी यांनीं बोरॉन आर्सेनाइड या पदार्थाच्या गुणांविषयींचें महत्त्वाचें संशोधन प्रसिद्ध केलें. बेड्या पडल्या नसत्या तर तें कदाचित् आधींच झालें असतें.

तिसरें नांव कॅन्सस विद्यापीठांतील रसायन-अभियंते फ्रँक्लिन ताओ यांचें. या मोहिमेंत अटक झालेले हे पहिले प्राध्यापक. २०१९ च्या ऑगस्टांत त्यांना पकडलें तें फूचौ विद्यापीठांतील नियुक्ति लपविल्याबद्दल. २०२२ च्या एप्रिलांत पंचांनीं चार कलमांवर दोषी ठरविलें. सप्टेंबरांत न्यायाधीश जुली रॉबिन्सन यांनीं फसवणुकीचीं तीन कलमें रद्द केलीं. आणि उरलेलें एक कलम, म्हणजे विद्यापीठाच्या पत्रकांतील खोटें विधान, तेंही २०२४ च्या जुलैंत अपील न्यायालयानें दोन विरुद्ध एक मतानें उडवून लावलें. पांच वर्षांनीं मनुष्य निर्दोष ठरला. पण त्या पांच वर्षांत चूल कशी पेटली, वकिलांचे पैसे कोठून आले, मुलांनीं शाळेंत मान खालीं घालून कसे दिवस काढले, याची नोंद कोणत्याही निकालपत्रांत होत नाहीं.

या निकालांतील कायद्याचा मुद्दा सामान्य माणसासही समजण्यासारखा आहे. फसवणुकीचा गुन्हा होण्यास विधान असत्य असावें लागतें, तें असत्य आहे हें बोलणाऱ्यास ठाऊक असावें लागतें, आणि त्या असत्यामुळें समोरच्याच्या निर्णयावर परिणाम होण्याजोगा असावा लागतो. ताओ यांच्या पत्रकावर विसंबून त्या वेळीं कोणत्याही सरकारी संस्थेला कांहीं ठरवावयाचें नव्हतें. म्हणून तें विधान चुकीचें मानलें तरी गुन्ह्याच्या व्याख्येंत बसेना. दुकानदारानें वजनांत लबाडी केली तर ती फसवणूक. पण पूर्ण वजनाचा चोख माल देऊन आपण दुसऱ्या बाजारांतही दुकान मांडतों एवढें सांगावयाचें राहून गेलें, तर त्यास दरोडेखोरांच्या रांगेंत बसवितां येत नाहीं. त्याचा परवाना तपासावा, त्यास समज द्यावी, प्रसंगीं दंड करावा; पण तुरुंगाचा दरवाजा त्यासाठीं नाहीं.

सरकारच्या बाजूनेंही एक युक्तिवाद केला जातो, आणि तो हलका नाहीं. सार्वजनिक पैसा मागणाऱ्यानें सार्वजनिक प्रश्नाचें खरें उत्तर दिलेंच पाहिजे. गुपित चोरीस गेल्यावर चोर शोधण्यापेक्षां आधींच लपवालपवीस आळा घालणें शहाणपणाचें. आणि विद्वान म्हणून कोणास वेगळा न्याय नसावा, असें तो सांगतो. हें सर्व मान्य करूनही एक शंका उरते. जो नियम वर्षानुवर्षें कोणी पाळला नाहीं व कोणी पाळून घेतला नाहीं, तो एके दिवशीं अकस्मात् फौजदारीचा केला, आणि तोही बहुतांशीं एकाच वंशाच्या लोकांवर चालविला, तर त्यास कायद्याचें राज्य म्हणावें कीं संशयाचें? कायदा आंधळा असावा असें म्हणतात, तें याचसाठीं, कीं त्यानें आरोपीची कातडी पाहूं नये.

न्यायालयाच्या बाहेर घडलें तें याहून मोठें होतें. आरोग्यसंस्थेनें २०१८ पासून विद्यापीठांना पत्रें धाडून अनेक संशोधकांविषयीं विचारणा केली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें अशा २४६ जणांपैकीं १०३ जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतील बहुतेकांवर न्यायालयांत कधीं आरोपही ठेवला गेला नाहीं. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणींत अमेरिकेंतील चिनी वंशाच्या सुमारें तेराशें संशोधकांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकीं ७२ टक्के लोकांनीं संशोधक या नात्यानें आपणांस सुरक्षित वाटत नाहीं असें सांगितलें, आणि ६१ टक्के लोकांच्या मनांत तो देश सोडून जाण्याचा विचार येऊन गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत युरोपांतून पळून आलेल्या शास्त्रज्ञांना ज्या देशानें आसरा दिला आणि त्यांच्या बुद्धीवर आपलें वैभव उभारलें, त्याच देशांतून शास्त्रज्ञ निघून जाण्याचा विचार करूं लागले, हा काळाचा उलटा फेरा म्हटला पाहिजे.

अमेरिकेच्या समाजाची एक बाजू मात्र वाखाणण्याजोगी आहे. तेथें सरकारच्या विरुद्ध बोलणारे गप्प बसले नाहींत. २०१९ च्या डिसेंबरांत जेसन या नांवाच्या स्वतंत्र शास्त्रज्ञमंडळानें सल्ला दिला होता, कीं परदेशी संबंध न सांगणें ही संशोधनाच्या सचोटीची बाब समजून विद्यापीठांनीं व अनुदान देणाऱ्या संस्थांनीं ती हाताळावी. २०२१ च्या सप्टेंबरांत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या १७७ अध्यापकांनीं ही मोहीम बंद करावी असें उघड पत्र लिहिलें. अखेर २३ फेब्रुवारी २०२२ रोजीं न्याय खात्याचे सहायक अॅटर्नी जनरल मॅथ्यू ओल्सन यांनीं मोहीम बंद झाल्याचें जाहीर केलें. निर्णय वंशद्वेषानें घेतले गेले असें आपणांस आढळलें नाहीं, असें सांगून त्यांनीं पुढें कबूल केलें, कीं या नांवामुळें व या खटल्यांमुळें तसा घातक समज पसरला आहे. यापुढें हेतु, विधानाचें महत्त्व आणि राष्ट्राच्या सुरक्षिततेशीं त्याचा संबंध हीं पाहूनच खटला भरावा, नाहीं तर खात्यांतर्गत उपाय योजावे, असें धोरण ठरलें.

दरम्यान नियमही सुधारूं लागले. योगायोग असा, कीं ज्या दिवशीं चेन यांना अटक झाली, त्याच दिवशीं, १४ जानेवारी २०२१ रोजीं, संशोधकांनीं काय काय सांगावें हें सर्व खात्यांत एकसारखें करण्याविषयींचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. म्हणजे नियम स्पष्ट नव्हता याची कबुली आणि नियम मोडल्याबद्दल अटक, दोन्ही एकाच दिवशीं! पुढें २०२२ च्या ऑगस्टांत झालेल्या कायद्यानें, सरकारी अनुदान घेणाऱ्यानें परदेशाच्या अपायकारक ठरविलेल्या योजनांत भाग घेऊं नये, असा स्पष्ट निर्बंध घातला. हा मार्ग सरळ होय. आधीं नियम सांगावा, मग तो मोडणाऱ्यास विचारावें. १९८५ सालीं, रशियाशीं शीतयुद्ध जोरांत असतां, अध्यक्ष रेगन यांनीं असें धोरण घालून दिलें होतें, कीं मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके मोकळे ठेवावे, आणि जें राखावयाचें तें रीतसर गुप्त ठरवून राखावें. गुप्त काय व मोकळें काय याची भिंत स्पष्ट बांधली, म्हणजे भिंतीच्या अलीकडे वावरणाऱ्यास प्रत्येक पावलागणिक भ्यावें लागत नाहीं.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना ही हकीकत दूरची वाटूं नये. पुण्या-मुंबईच्या कित्येक कुटुंबांतील मुलेंमुली आज अमेरिकेंतील प्रयोगशाळांत काम करीत आहेत. कोणी सुट्टींत येऊन येथील संस्थेंत व्याख्यानें देतो, कोणी येथील विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करतो, कोणाला येथील विद्यापीठ मानद पद देतें. हें सर्व सत्कृत्यच आहे. पण तें कागदावर असूं द्यावें. आपल्या मायदेशाशीं असलेला संबंध सांगण्यांत कमीपणा नाहीं. अर्जांतील प्रश्न संदिग्ध असेल तर अंदाजानें रकाना भरूं नये. संबंधित कचेरीला लेखी विचारावें व लेखी उत्तर जपून ठेवावें. आणि विचारणा करण्यास अधिकारी दारांत उभा राहिला, तर भीतीनें किंवा शरमेनें खोटें बोलूं नये. वकिलास बोलावून मगच बोलावें. लिबर किंवा मेय्यप्पन यांच्यावर संकट कोसळलें तें परदेशच्या संबंधामुळें नव्हे, त्याविषयीं विचारलें असतां दिलेल्या नकारामुळें.

राज्यकर्त्यांसही यांत धडा आहे, आणि तो एका देशापुरता नाहीं. विज्ञान विश्वासावर चालतें. प्रयोगाचें फळ दुसऱ्यानें खरें मानावें, पत्रोत्तरें मोकळेपणानें व्हावीं, शंका निःसंकोचपणें विचाराव्या, यांवांचून एकही शास्त्र पुढें गेलेलें नाहीं. संशोधकानें लपवाछपवी केली म्हणजे तो विश्वास एका बाजूनें तुटतो. सरकारनें प्रत्येक परकीय नांवाकडे चोराच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तो दुसऱ्या बाजूनें तुटतो. पहिल्या अपराधाची शिक्षा एका माणसाला होते. दुसऱ्या अपराधाची शिक्षा साऱ्या राष्ट्राला, आणि तीही कित्येक वर्षांनीं होते.

क्यान श्युएसेन यांना अमेरिकेनें घालविलें त्याला आतां सत्तर वर्षें होऊन गेलीं. चार्ल्स लिबर शिक्षा भोगून झाल्यावर २०२५ सालीं शेंझेन येथें, त्सिंगहुआ विद्यापीठाच्या पदव्युत्तर शाळेंत, प्राध्यापक म्हणून रुजू झाले. एक निर्दोष असतां संशयानें दवडला गेला, दुसरा दोषी ठरून गेला. पण दोघांच्या विद्येचा लाभ शेवटीं एकाच देशास झाला. मनुष्यास बेडी घालतां येते. त्याच्या ज्ञानास बेडी घालण्याची युक्ति अद्याप कोणत्याही सरकारला साधलेली नाहीं.